त्रेसष्ट आणि एक

माझ्या दादाला सगळं गाव टेप्या म्हणतं. दुकानावर पाटी मोटर रिवाइंडिंगची, हातात दिवसभर तांब्याची तार, आणि नाव मात्र टेप्या. कारण चौतीस वर्षांपूर्वी या गावात थ्रॅश मेटल नावाचा दणदणाट पहिल्यांदा आणला तो त्यानं, एका कॅसेटवर. हे चांगलं झालं की वाईट, ते आमच्या नातेवाइकांना विचारू नका. मला विचारा. चांगलं झालं.

मी त्याची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. वय पंचेचाळीस, आणि अजूनही कुणी आमच्या संगीताला पत्रे बडवणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. “या वयात शोभतं का गं हे?” असं आत्यानं एकदा चारचौघांत विचारलं. मी म्हटलं, “आत्या, तुम्हाला या वयात चहाड्या शोभतात, तेवढं तर नक्कीच शोभतं.” तेव्हापासून आत्या माझ्याशी बेताचंच बोलते. त्यात माझं काही नुकसान झालेलं नाही.

दादा माझ्या अगदी उलट. त्याचं निम्मं आयुष्य मोजण्यात गेलंय. जळालेली मोटर दुकानात आली की तो आधी तिच्यातली काळी पडलेली गुंडाळी कापून बाहेर काढतो आणि तिचे वेढे मोजतो. मूळ वेढे किती होते ते मोटरीवर कुठे लिहिलेलं नसतं; जे जळालंय त्यालाच विचारावं लागतं. मग तेवढेच वेढे नव्या तारेचे घ्यायचे, खाचांमध्ये कागद सारून ते बसवायचे, दोऱ्यानं बांधायचे, वॉर्निश पाजून वाळवायचे. एक जरी वेढा कमी पडला तरी मोटर तापते असं तो म्हणतो. दुसरे कारागीर म्हणतात, एकानं काय होतंय. त्यांच्याकडे मोटर वर्षभरात परत येते. दादाकडे येत नाही.

तो मोजायला लागला की डाव्या हाताचं बोट वर करतो. बोट वर असेपर्यंत दुकानात कुणी तोंड उघडायचं नाही. आणि तो मोजतो ते एका गाण्यावर. गाण्याच्या सुरुवातीला चौसष्ट ठोके आहेत, शेवटच्या ठोक्यावर सगळं धाडकन थांबतं आणि मग गायक तोंड उघडतो. दादा मनातल्या मनात ते ठोके वाजवत तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल फिरवतो, एका ठोक्याला एक वेढा, आणि वेढे जास्त असले की गाणं पुन्हा पहिल्यापासून. त्रेसष्टावर क्षणभर थांबतो, हळूच म्हणतो, “आणि एक,” आणि शेवटचा वेढा घेतो. गिऱ्हाइकं हसतात. “काय टेप्या, वरचा एक आमच्यातर्फे का?” तोही हसतो. मीही वर्षानुवर्षं ती त्याची लकबच समजत होते.

ते गाणं ज्यांचं, त्या बँडला आम्ही चौकडी म्हणतो. खरं नाव लांबलचक आहे, आणि आमच्यापैकी कुणालाच ते लहानपणी धड उच्चारता यायचं नाही. चौघं होते म्हणून चौकडी. त्यांची पहिली कॅसेट आमच्या मामानं आणली. तो बोटीवर कामाला होता. कॅसेट निघाली त्याला तोवर चार वर्षं झाली होती. आमच्या गावात सगळंच उशिरा पोचायचं, फॅशन, सिनेमे, वर्तमानपत्रसुद्धा दुपारी. पण ती कॅसेट पोचली आणि दादानं तिच्या प्रती काढायला सुरुवात केली. दोन टेपरेकॉर्डर, एक वायर. पहिल्या वर्षात दोनशे तरी प्रती काढल्या असतील. प्रतींच्या प्रती निघाल्या. गावातल्या प्रत्येक थ्रॅशवेड्यानं चौकडी ऐकली ती दादाच्या हातातून.

आणि म्हणूनच आमच्या गावाला ठेच माहीत आहे.

चौसष्ट ठोक्यांच्या त्या सुरुवातीत, चाळिसाव्या ठोक्यानंतर, गाणं अडखळतं. पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं. पुढच्या क्षणी ते सावरतं आणि दुप्पट जोरानं धावतं. त्या जागेला आम्ही ठेच म्हणतो. गावातल्या कुणालाही अर्ध्या झोपेतून उठवून ते गाणं लावा, त्याची मान ठेचेवर बरोबर झटका देईल. आम्ही मान खाली घालतो ती ठोक्यावर. लाजेनं कधीच नाही.

दर गुरुवारी दुपारी दुकानाच्या भागातली वीज बंद असते. यंत्रं थांबतात, म्हणून त्या दुपारी दुकानात मंडळी जमते. मुख्य दोघं. एक बेकरीवाला: पहाटेपासून भट्टीपुढे उभा, दुपारी डोळे लाल, आवाज चढलेला. दुसरे मास्तर: शाळेत गणित शिकवतात, प्रत्येक गोष्ट खडूनं लिहून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दोघंही दादाच्या वर्गातले. मी काचा घासून झाल्या की थर्मासमध्ये चहा घेऊन जाते, आणि भांडणात तेलही मीच ओतते.

अठरा वर्षांपूर्वी फुटलेली चौकडी पुन्हा एकत्र येणार ही बातमी आली, तेव्हा तर तीन गुरुवार चहा कुणी प्यायला नाही, नुसता गार झाला. कारण एकत्र येणार होते ते तिघंच. ड्रमरची बोटं संधिवातानं आखडलेली, त्याच्या जागी नवा माणूस.

“ड्रमर नवा म्हणजे बँड नवा,” बेकरीवाला म्हणाला. “जुनं नाव लावून फसवताहेत साले. गायकाचा घसा बसलाय. नुसतं शिळं गरम करून वाढणार.”

“अठरा वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ते परत उभे राहताहेत,” मास्तर म्हणाले. “त्याला काही किंमत आहे की नाही? चारातले तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के.”

“तुझ्या शाळेत पास होतील. माझ्याकडे नाही.”

दादाचं बोट वर नव्हतं, तरी तो बोलला म्हणून सगळे गप्प झाले. “माझ्याकडे मोटर येते,” तो म्हणाला. “आतलं सगळं जळालेलं. मी सगळं काढून टाकतो, नवी तार भरतो. माणूस घ्यायला येतो तेव्हा काय म्हणतो? ‘माझी मोटर झाली का?’ असंच म्हणतो ना? कुणी म्हणालंय का आजवर, की ही माझी नव्हेच?”

मी टाळी वाजवली. मला वाटतं त्या दिवशी दादा खुशीत होता. ती खुशी आठवडाभरच टिकली.

झालं असं. बेकरीवाल्याच्या वाढदिवसाला आम्ही पंधरा-वीस जण जमून ते गाणं लावलं होतं, आणि कुणीतरी त्याचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं. मोठ्या शहरातल्या लोकांनी ते पाहिलं आणि पोट धरून हसले. ‘हे बघा, ठोका चुकवणारं गाव.’ ‘सगळ्या गावाला एकदम उचकी लागली की काय.’ त्यांच्याकडच्या गाण्यात ठेच नव्हतीच. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, सगळं सरळ. आमच्याही कानावर हे कधीतरी आलं होतं, सीडी निघाल्या तेव्हाच. पण मास्तरांनी त्यावर आपला सिद्धान्त मांडलेला होता: ठेच हीच खरी. पहिल्या आवृत्तीत ती होती, पुढे कंपनीला भीती वाटली, तिनं तिथे एक ठोका घुसडून गाणं गुळगुळीत केलं. आपल्याकडे आहे ते अस्सल.

आता मास्तर पेटले. त्यांनी आठ पानांचा लेख लिहिला, आकृत्यांसकट, आणि तो चौकडीच्या चाहत्यांच्या सर्वांत मोठ्या पानावर टाकायचं ठरवलं. शेवटी साक्षीदार म्हणून दादाचं नाव. गुरुवारी ते लेख घेऊन आले आणि दादापुढे ठेवला.

“इथे सही कर. आणि ती मूळ कॅसेट काढ. तिचा फोटो हवा. एकदा फोटो टाकला की त्या शहाण्यांची दातखीळच बसेल.”

मी दादाकडे बघितलं. कारण ठेच कुठून आली हे दादाला माहीत होतं, आणि मला.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते, दादा सतरा. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला असायचे आणि दुपारी झोपायचे. बिचाऱ्यांची तेवढीच झोप. आणि आम्ही मामाची कॅसेट लावली. आवाज बारीक ठेवायचं ठरलं होतं, पण ते गाणं लागलं आणि माझाच हात बटणाकडे गेला. बाबा उठून आले, एक शब्द न बोलता कॅसेट चालू असतानाच हिसकली. फीत आतल्या रोलरला गुंडाळली गेली. बाबा परत जाऊन झोपले. दादा जमिनीवर बसून रडत होता. सतरा वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझी बोटं बारीक होती. मी फीत सोडवली, आईची कात्री घेतली, चुरगळलेला तुकडा कापला. “जेवढं चुरगळलंय तेवढंच काप हं छोटी,” असं दादा म्हणत होता. पण मला कडा सरळ हव्या होत्या, म्हणून मी जरा जास्तच कापलं. मग सेलोटेपनं जोडलं.

त्यानं ती लावली, शेवटपर्यंत ऐकली. तो म्हणाला, “छान जमलंय गं. काहीच कळत नाही.” मी उड्या मारल्या. पुढे तिची प्रत ऐकून पहिल्या मित्रानं, म्हणजे बेकरीवाल्यानंच, “काय झटका दिलाय रे मध्येच, अफलातून!” म्हटलं तेव्हा दादा गप्प बसला. सीडी ऐकून मला सगळं कळेपर्यंत मी वीस वर्षांची झाले होते, आणि तोवर ठेच सगळ्या गावाची झाली होती. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशीही कधी बोललो नाही. गावात वाद झाला की निवाड्याला दादाकडे यायचे, कारण पहिली कॅसेट त्याची. ‘टेप्या म्हणेल ते खरं.’ त्या एका वाक्यावर त्याची गावातली सगळी पत उभी होती.

आता मास्तर पेन पुढे करून उभे होते.

दादानं पेन घेतलं नाही. तो उठला, मागच्या कपाटातल्या तारांच्या रिळांमागून कॅसेट काढली, कानावरची पेन्सिल तिच्या दातेरी भोकात घातली आणि फिरवायला लागला. डाव्या हाताचं बोट सवयीनं वर गेलं, म्हणून कुणी बोललं नाही. बराच वेळ नुसती पेन्सिल फिरत होती. मग तो थांबला आणि कॅसेट मास्तरांपुढे धरली. उघड्या फटीत, तपकिरी फितीवर, पिवळा पडलेला सेलोटेप.

“ठेच ही आहे,” दादा म्हणाला. “फीत तुटली होती. मी कापून जोडली.”

मी चहाचा कप खाली ठेवला. इतका राग मला आत्याचाही कधी आला नव्हता. चौतीस वर्षं यानं माझ्या चुकीवर पांघरूण घातलं, आणि आज सगळी पत जात असताना अजून घालतोय!

“तो खोटं बोलतोय,” मी म्हणाले. “मी कापली. त्यानं सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जास्त कापली. मी रडेन म्हणून तो तेव्हा बोलला नाही, आणि मग बोलायचं राहूनच गेलं.”

बेकरीवाला फितीकडे बघत होता. “म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “चौतीस वर्षं मी सेलोटेपवर मान हलवतोय?”

“हो,” मी म्हटलं. “आणि फार छान हलवतोस.”

त्याला हसू फुटलं, पण मास्तरांना नाही. त्यांनी आठ पानं एकावर एक नीट लावली, घडी घातली, खिशात ठेवली. “मी वर्गात मुलांना सांगितलंय हे,” ते म्हणाले. “पुरावा म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून.” आणि ते निघून गेले. पुढचे दोन गुरुवार आले नाहीत. गावात बातमी पसरायला एक दिवस पुरला. कुणी दादाला तोंडावर काही बोललं नाही, पण निवाड्याला येणारे यायचे थांबले. तो मोटरी भरत राहिला. मी एकदा दुकानात गेले तेव्हा तो हँडल फिरवत होता. त्रेसष्टावर थांबला, आणि “आणि एक” म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या मनातल्या गाण्यात त्रेसष्टच ठोके होते. सबंध आयुष्य तो माझ्या कात्रीनं गेलेला तो एक ठोका प्रत्येक मोटरीत वरून घालत होता, म्हणजे कुणाची मोटर तापू नये. मी तिथेच रडले. तो म्हणाला, “अगं, वॉर्निशचा वास चढला का?” मी म्हटलं, “हो, वॉर्निशच.”

चौकडीचा कार्यक्रम मोठ्या शहरात होता, दुपारी चार वाजता, उघड्या मैदानावर. आम्ही गावातून पन्नास जणांची बस केली होती ती हे सगळं होण्याआधीच. दादा येत नव्हता. “मी कुठल्या तोंडानं जाऊ?” म्हणाला. मी म्हटलं, “याच. दुसरं आहे का तुझ्याकडे?” आणि त्याचा दंड धरून त्याला बसमध्ये बसवलं. बस सुटता सुटता मास्तर चढले. ते सरळ दादाच्या शेजारी जाऊन बसले. खिशातून कागद काढला. या वेळी एकच होता.

“कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते,” ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. “गाण्याची गती धरली तर एक ठोका म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर. पाऊण कापली असती तर तो नुसता बिघाड वाटला असता. दोन कापली असती तरी. कुणीही फेकून दिली असती ती कॅसेट. हिनं बरोबर ठोकाभर कापली, म्हणून ते संगीत वाटलं.” त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. “अकरा वर्षांच्या मुलीनं, नुसत्या डोळ्यानं. हे मी वर्गात सांगणार आहे.”

“मास्तर, पण मग आज करायचं काय?” बेकरीवाला मागून ओरडला. “खऱ्या गाण्यात ठेच नाहीये. तिथे मान कशी हलवायची?”

बसभर वाद पेटला. कुणी म्हणालं, आता खरं कळलंय तर सरळ मोजू. कुणी म्हणालं, हसं नको आणखी. सगळे दादाकडे बघायला लागले. किती तरी दिवसांनी बघत होते.

“मला विचारू नका,” तो म्हणाला. “मी एकदा गप्प बसून ठरवलं तुमच्यासाठी, तेवढं पुरे. ज्यानं त्यानं आपल्या मानेला विचारा.”

मैदानावर हजारो माणसं होती, आणि आम्ही पन्नास जण पुढच्या कठड्याला चिकटून. गायक खरोखरच म्हातारा झाला होता. दोन गाण्यांत धाप लागली त्याला. नवा ड्रमर तिशीतला, नाकासमोर वाजवणारा. बेकरीवाला नाक मुरडत होता, आणि तिसऱ्या गाण्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो बाहीनं पुसत होता आणि माझ्याकडे रागानं बघत होता. मग ते गाणं लागलं.

एक, दोन, तीन, चार. माझ्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मास्तर. तीस. पस्तीस. मला वाटलं, आता सगळे कच खाणार. चाळीस.

पन्नास मानांनी एकदम ठेच खाल्ली. एकही चुकली नाही. मास्तरांचा चष्मा नाकावरून उडाला तो मी हवेत झेलला. आमच्यामागची माणसं बघायला लागली, कुणी बोट दाखवलं, कुणीतरी ओरडलं, “अरे तेच! उचकीवालं गाव!” ओरडू देत. आम्ही सगळ्या मैदानाच्या एक ठोका पुढे होतो आणि मागे येण्याचा आमचा कुणाचाही विचार नव्हता. साठ, एकसष्ट, बासष्ट, आणि त्रेसष्टाला, बँड अजून वाजत असताना, आम्ही पन्नासांनी सगळा जोर लावून “हा!” केलं आणि थांबलो.

मग बँडचा शेवटचा ठोका पडला. त्या एका ठोक्यावर दादा बोट वर करून, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, “आणि एक!”

सगळं धाडकन थांबलं. गायकानं तोंड उघडायच्या आधीच्या त्या शांततेत बेकरीवाल्याचा घोगरा आवाज मैदानभर गेला.

“टेप्या! आयुष्यात पहिल्यांदा आपण आधी पोचलो रे!”